गाडीची बोंब आणि गरिबावर आळ



या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, लग्नातला वायफळ खर्च अशा विषयांवर लिहितो. आज मोटारगाडीवर लिहिणार आहोत. ‘आमच्याकडे कुठली आली गाडी?’ असे म्हणून पान उलटू नका. गाडी आपली नसली तरी ती पुसणारा, चालवणारा, राखणारा माणूस पुष्कळदा आपला असतो. त्या गाडीने रात्री-अपरात्री उगाच बोंब मारली, तर आळ कोणावर येतो, हेही आपल्याला सांगायला नको.

गोष्ट गेल्या वर्षावासातली आहे. अलिबाग तालुक्यात किहीमजवळच्या एका विहारात रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला आम्ही गेलो होतो. नेहमी पुढच्या ओळीत बसणाऱ्या एक ताई त्या दिवशी दिसल्या नाहीत. वाचन संपल्यावर त्यांच्या घरी गेलो, तर चूल थंड आणि माऊली रडत बसलेली.

किहीमचा किनारा म्हणजे सुरूची झाडे, नारळाच्या वाड्या आणि त्यात मुंबईकरांचे बंगले. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाड्याही समुद्रावरून थेट येऊ लागल्या. अशाच एका बंगल्यावर या ताईंचे यजमान चौदा वर्षे माळीकाम करतात. बंगल्याची एक गाडी तिथेच उभी असते. पावसाळा लागल्यापासून तिचा अलार्म मध्यरात्री आपोआप वाजू लागला. शेजाऱ्यांनी मालकांना फोन केले. मालक शनिवारी आले, त्या रात्रीही तीनदा वाजला. सकाळी त्यांनी माळीदादांना बोलावून सांगितले, “तुझा पोरगा गाडीशी खेळतो. पहिल्या तारखेपासून दुसरीकडे काम बघ.”

पोरगा सतरा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. ताई म्हणाल्या, “दादा, माझ्या पोरानं गाडीला हात पण नाय लावला. दोन रात्री तर तो पनवेलला मामाकडे होता, तवा पण ती गाडी बोंबललीच ना!”

आम्ही विचारले, “हे साहेबांना सांगितलंत का?”

“सांगितलं. पण आमचं कोण ऐकतो?”

आम्ही पेशाने कारकून. हिशेबात दोन रुपयांचा फरक आला की आम्ही लगेच कोणाला चोर म्हणत नाही, खतावणीतली एकेक नोंद टिक करत जातो. तेच इथे केले. ताईंना आठवतील तशा रात्री कागदावर मांडल्या. कोणती तारीख, साधारण किती वाजता, पाऊस होता का, पोरगा कुठे होता. सहा रात्रींपैकी दोन रात्री पोरगा गावात नव्हता आणि सहाही रात्री पाऊस होता. तो कागद घेऊन आणि आमच्या भाच्याला बरोबर घेऊन आम्ही बंगल्यावर गेलो. भाचा आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून अलिबागला गॅरेजमध्ये काम करतो. आम्ही म्हणालो, “साहेब, चौदा वर्षांच्या नोकरीसाठी एक तास द्या.” मालकांनी कागद वाचला, थोडे कुरकुरले, पण किल्ली दिली.

भाच्याने गाडी तपासता तपासता जे समजावले, ते वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून क्रमाने देतो.

कंपनीतून बसून येणारा अलार्म म्हणजे एक पहारेकरी. गाडी रिमोटने बंद केली की तो चारही दरवाजे, डिकी आणि बऱ्याच गाड्यांत बॉनेट यांच्या लहान लहान स्वीचवर लक्ष ठेवतो. एखादा स्वीच ‘उघडले’ असे म्हणाला की तो बोंब मारतो. दरवाजा खरेच उघडला की स्वीच खराब झाला, एवढे त्याला कळत नाही.

पहिले काम बोंब थांबवण्याचे. रिमोटवरचे उघडण्याचे बटण दाबावे. रिमोट चालत नसेल तर किल्लीने दार उघडावे. पुष्कळ गाड्यांत किल्लीने दार उघडताच अलार्म वाजतो, तो बिघाड नव्हे. घाबरू नये, किल्ली लावून फिरवावी. किल्लीतली खूण ओळखून अलार्म गप्प होतो. बटणावर चालू होणाऱ्या गाडीत रिमोट त्या बटणाजवळ धरावा. रिमोटचा चपटा सेल अनेकदा सीआर २०३२ असतो. उघडून त्यावरचा नंबर पाहावा आणि तोच आणावा.

दुसरी तपासणी बॅटरीची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली गेली तर चार्ज करावी, कारण कमी दाबामुळेही अलार्म भलतेच वागतो. आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी हळूहळू उतरते, कारण पहारेकऱ्यालाही वीज लागते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर साफ करावी. तारा काढताना आधी उणे बाजूची काढावी, लावताना ती शेवटी लावावी. या गाडीची बॅटरी १२.४ निघाली. एक संशयित सुटला.

तिसरी तपासणी दारांची. आत बसून एकेक दार उघडावे, लावावे. आतला दिवा आणि समोरच्या फलकावरचे दाराचे चित्र लागते-विझते का, ते पाहावे. दार लावूनही चित्र विझत नसेल तर चोर तिथेच आहे. इथे चारही दारे आणि डिकी निर्दोष ठरली. काही गाड्यांत आतली हालचाल ओळखणारा सेन्सरही असतो. काच उघडी राहिली किंवा आरशाला काही लटकवले तरी तो फसतो. या गाडीत तो नव्हता.

शेवटी राहिले बॉनेट. भाच्याने गाडी रिमोटने बंद केली, अर्धा मिनिट थांबला आणि बॉनेटवर हलकेच तळहात दाबला. त्याबरोबर गाडी अशी किंचाळली की सुरूवरचे कावळे उडाले! पुन्हा केले, पुन्हा तेच. बॉनेट उघडून पाहिले तर खटक्याजवळच्या स्वीचवर गंज चढलेला, आतल्या पिनांवर हिरवट थर आणि स्प्रिंग ढिली. समुद्राची खारी हवा, त्यात पाऊस. ओल शिरली आणि वाऱ्याने बॉनेट जरासे थरथरले की स्वीच म्हणायचा ‘उघडले’. म्हणजे ज्या चोरासाठी पोराला धरले होते, तो चोर गंज होता.

भाच्याने बॅटरीची उणे तार काढली, स्वीचचा जोड सोडवला, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून वाळवला आणि पुन्हा बसवला. “हा तात्पुरता इलाज. नवा स्वीच घालावाच लागेल,” असे त्याने स्पष्ट सांगितले. अलार्मची तार कापून टाकावी, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचा वाद होतो आणि चोरीच्या वेळी पहारेकरी मुका राहतो. एवढे करूनही दोष सापडला नाही तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून तपासावे. कोणता स्वीच बोंबलला, याची नोंद काही गाड्या स्वतःच ठेवतात.

त्या रात्रीही पाऊस पडला. अलार्म वाजला नाही. पुढच्या आठवड्यात नवा स्वीच बसला आणि माळीदादांची नोकरी राहिली. मालक म्हणाले, “ठीक आहे, काम चालू ठेव.” आम्ही म्हणालो, “साहेब, हे माळीदादांना सांगितलंत. आळ पोरावर घेतला होता, त्यालाही दोन शब्द सांगा.” ते क्षणभर गप्प झाले. मग पोराला हाक मारून “माझी चूक झाली” म्हणाले. त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला, हेही नोंदवले पाहिजे.

पण निघताना ताई जे बोलल्या, ते आमच्या मनातून जात नाही. “दादा, गंज सापडला म्हणून सुटलो. सापडला नसता तर?”

बंधू-भगिनींनो, प्रश्न खरा आहे. पोरगा दोन रात्री पनवेलला होता, एवढ्यावरच तो निर्दोष होता. बॉनेट उघडायचीही गरज नव्हती. पण आईचे तोंडी बोलणे कोणी धरले नाही. आपल्या पूर्वजांनी वेसकर म्हणून रात्र-रात्र गावाच्या वेशी राखल्या, चोरांचे माग काढले. तरी त्यांच्या वाट्याला मान आला नाही. त्या वतनाच्या गुलामीतून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. पहारा देणाऱ्यावरच पहिला संशय, ही जुनी खोड बंगल्यांच्या कुंपणातही शिल्लक आहे.

तिला उत्तर एकच, तपासणी. भगवान बुद्धांनी कालामांना हेच शिकवले की ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. याच किहीमला १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी चिकाटीने न्याहाळली, नोंदी ठेवल्या आणि मगच निष्कर्ष काढला. पाखरांच्या बाबतीत एवढी काळजी घेता येते, तर माणसाच्या बाबतीत का नको?

म्हणून बंगल्यावर, सोसायटीत, गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक घरात एक वही ठेवा. गाडी वाजली की तारीख, वेळ, पाऊस-वारा आणि त्या वेळी घरातले कोण कुठे होते, हे लिहा. मालकांना त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याची वेळही टिपा. शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण गाडी दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, माळ्याच्या पोराची नव्हे. हे नम्रपणे, पण ताठ मानेने सांगा.

आणि दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींनो, आयटीआयकडे कमीपणाने पाहू नका. त्या दिवशी एका घराची चूल पुन्हा पेटली, ती आमच्या भाषणाने नाही. ती एका आईच्या आठवणीने आणि एका कारागिराच्या हाताने पेटली.

जयभीम! नमो बुद्धाय!