दोष भिंतीचा नव्हे

खंडाळ्यातील जुन्या दगडी घरांविषयी एक निवाडा हल्ली फार सहज दिला जातो : 'ओल फार येते, पाडून टाका.' या निवाड्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. आरोपी चुकीचा पकडला आहे.

बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. त्या सुमारापासून येथे काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती उभ्या राहिल्या. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्या सोसत आल्या. त्यांच्यात पाणी शिरत नव्हते असे नाही; पण चुन्याच्या दरजांतून शिरलेले पाणी उघडीप मिळताच त्याच वाटेने बाहेरही पडत असे. आम्ही ती वाट सिमेंटने बुजवली. सिमेंटच्या गिलाव्याला बारीक तडे जातात, झडीचे पाणी त्यांतून आत जाते आणि तेथेच कोंडते. मग आतल्या बाजूस लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा सिमेंटच!

उलट चूक जुन्या गोव्यात झाली. बॉम जेझू बासिलिकेच्या जांभ्या दगडावरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, आणि तो उघडा दगड आज पावसाने झिजत आहे. तेथे भिंतीचा अंगरखा उतरवला; येथे भलताच चढवला. भिंतीचा स्वभाव दोन्हीकडे कोणी विचारात घेतला नाही.

'चुना जाणणारे गवंडी आहेत कोठे?' असे आम्हांस विचारले जाते. काम मागणारेच नसतील तर ते हात तयार तरी कसे व्हावेत? शिवाय पहिले उपाय गवंड्याचे नाहीतच. फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात, जोत्यावर चढलेली माती उपसावी, पागोळ्यांचे पाणी दूर नेणारा चर खणावा. त्यानंतर दिवाळी उलटली की सिमेंट जपून काढावे व दरजा चुन्याने भराव्यात. जाड भिंत एका ऋतूत सुकत नाही, हेही मान्य करावे.

ओलसर खोलीत खोकत रात्री काढणाऱ्या वृद्धांचे हाल आम्ही क्षुल्लक मानत नाही. त्यांच्यासाठीच खरा उपाय हवा. घर पाडण्याचा अधिकार मालकाचा आहे. परंतु तो बजावण्यापूर्वी त्या भिंतीला सिमेंटविना दोन पावसाळे द्यावेत, एवढीच आमची मागणी आहे.