टरफलांतली शिरगणती

चंबळ नदीत दर हिवाळ्यात वाळूवर ऊन खाणारी घडियाले नावेतून मोजली जातात. हा आकडा उपयोगाचा आहे, पण अपुरा. बुडी मारून बसलेले जनावर त्यात येत नाही, आणि किती माद्या व किती नर खरोखर पिढी पुढे नेत आहेत, हेही त्यातून कळत नाही. २००७-०८च्या हिवाळ्यात याच नदीत शंभराहून अधिक घडियाले दगावली. अतिधोक्यात असलेल्या प्राण्याबाबत अशी अर्धी माहिती परवडणारी नाही.

पूर्ण माहितीसाठी जाळे टाकून जनावर धरण्याची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये वाळूत घातलेली अंडी जूनच्या सुमारास फुटतात. पिल्ले पाण्यात गेल्यावर मागे टरफले उरतात, आणि त्यांच्या आतल्या पापुद्र्यात पिल्लांचा डीएनए असतो. एका घरट्यातल्या भावंडांचे नमुने जुळवले की आई कोण, बाप कोण, याचा माग लागतो. तीच मादी पुढच्या वर्षी पुन्हा आढळली किंवा नाही, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. मोजक्याच नरांची संतती सगळीकडे दिसली, तर तो धोक्याचा इशारा ठरेल. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पिल्लांच्या आकड्यांमागे हे वास्तव सहज दडते.

मात्र उन्हात आणि ओलीत डीएनए लवकर नासतो. पावसाने वाळवंटे बुडण्याआधी, अंडी फुटताच टरफले उचलावी लागतील. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या वनखात्यांनी त्यासाठीच्या परवानग्या उन्हाळ्यापूर्वीच, एकत्रितपणे द्याव्यात.