कार्यानुभव : तोरण नको, डोक्याला बसणारी टोपी विणू द्या



आधी माझीच चूक सांगतो. डी.एड.ला असताना कार्यानुभवासाठी क्रोशाचा एक रुमाल जमा करायचा होता. मी तो चुलत बहिणीकडून करून घेतला, फाईलला लावला आणि 'उत्तम' असा शेरा मिळवला. क्रोशाची सुई कशी धरतात हेसुद्धा मला तेव्हा येत नव्हतं.

आज शिक्षक म्हणून मी टेबलाच्या पलीकडे बसतो, आणि तेच घडताना बघतो. 'उद्या वस्तू आणा' म्हटलं की उद्या वस्तू येते. कधी आईने केलेली, कधी ताईने, कधी चक्क बाजारातून आणलेली. आपण ती भिंतीला लावतो, नोंदवहीत श्रेणी भरतो, विषय संपला. यात पालकांची एकट्याची चूक नाही. आपण मागतोच अशी वस्तू की जी कुणी केली याने काही फरक पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांना, हो, मुलगे आणि मुली दोघांनाही, वर्षात एक तरी अशी वस्तू करू द्या जी वापरून बघता येते. माझ्या अनुभवात त्यासाठी क्रोशाची साधी टोपी सगळ्यात चांगली.

टोपीच का?

तोरण दोन इंच कमी-जास्त झालं तरी दाराला शोभतं. रुमाल थोडा वाकडा झाला तरी चालून जातो. टोपीचं तसं नाही. ती एक तर बसते, नाही तर बसत नाही. डोळ्यांवर आली तर मोठी, कपाळावर वळ उठला तर लहान. शिक्षकाला काही सांगावंच लागत नाही, लेकराला स्वतःलाच कळतं.

शिवाय सामान फारसं लागत नाही. एक ४ मि.मी.ची सुई, फिकट रंगाची साधी लोकर आणि मोजपट्टी. लहान मुलाच्या टोपीला साधारण ५० ते ७० ग्रॅम लोकर पुरते. गडद किंवा केसाळ लोकर घेऊ नका, नवशिक्याला त्यात टाके दिसतच नाहीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत परिपाठाला लेकरं कानाला रुमाल बांधून उभी असतात, तेव्हा टोपीचा उपयोग कुणाला पटवून सांगायची गरज पडत नाही.

माझा ७२ चा हट्ट

मी विणायला शिकलो ते माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीकडून. साखळी, मुका खांब, खांब हे तीनच प्रकार. त्यातून माझ्या मुलीसाठी टोपी केली. ती छान बसली. तिच्या घेराला ७२ खांब होते. मग काय, दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : '७२ खांब'. सगळ्या वर्गाने तेच करायचं.

पद्धत अशी. मध्यभागी एका कड्यात १२ खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, असं करत ३६. मग ४८, ६०, ७२. पोरं म्हणाली, "सर, हा तर बाराचा पाढा!" पाढा पाठ असलेल्यांनाही तो असा हातात वाढताना पहिल्यांदाच दिसत होता. ७२ झाले की वाढ थांबवायची आणि सरळ खाली विणत जायचं.

आजी एकदा वर्गात आल्या. फळा बघून म्हणाल्या, "गुरुजी, समद्यांचं डोकं एकच हाय का? अन् हात?"

मी हसून सोडून दिलं. दोन आठवड्यांनी कळलं. एका मुलीचा हात फार घट्ट होता. तिने ७२ खांब अगदी बरोबर मोजून घातले होते, एकही चूक नव्हती, पण टोपी तिच्या डोक्यावर वाटीसारखी बसली. ती रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी सांगत आली, "सर, आमच्या बाळाला बसली." तिच्या पाच महिन्यांच्या भावाला ती टोपी नेमकी आली होती!

तिने माझं ऐकलं म्हणून तिची टोपी चुकली, हे मला वर्गासमोर कबूल करावं लागलं.

मग आम्ही मोजायला बसलो

प्रत्येकाने आधी एक चौकोनी तुकडा विणला आणि १० सें.मी.मध्ये आपले किती खांब बसतात ते मोजलं. माझे १६ बसत होते, तिचे १९. आता हिशोब बघा. माझे ७२ खांब म्हणजे ४५ सें.मी. तिचे ७२ खांब म्हणजे जेमतेम ३८ सें.मी.

मग डोकी मोजली. कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून पट्टी फिरवायची. तिचं डोकं भरलं ५१ सें.मी. लोकर ताणते, म्हणून टोपी डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमीच ठेवायची, नाही तर ती घसरते. म्हणजे तिला साधारण ४६ सें.मी. हवे होते. १० सें.मी.ला १९, तर ४६ ला किती? त्रैराशिक! उत्तर आलं ८७ आणि थोडं वर. तिने ८४ पर्यंत बाराच्या पाढ्याने वाढवलं आणि पुढच्या फेरीत सारख्या अंतरावर चार खांब जास्त घालून ८८ केले. ती टोपी बसली. पहिली टोपी बाळाला राहिली.

खांब मोजायचे नसतील तर आणखी एक उपाय आहे. वरची चकती सपाट ठेवून पट्टीने तिचा व्यास मोजा. टोपीचा घेर भागिले ३.१४ एवढा व्यास झाला की वाढ थांबवा. ४६ सें.मी. घेराला व्यास येतो सुमारे साडेचौदा. त्रिज्या, व्यास, परीघ या शब्दांची व्याख्या न घोकता त्यांचं काम काय ते इथे कळतं.

आणि दर फेरीत १२ च का वाढवायचे? खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढतो. तेवढी जागा भरायला साधारण १२ खांब लागतात. मुका खांब उंचीला आणि रुंदीला जवळपास सारखाच, म्हणून त्याला ६ पुरतात. हे सातवीच्या मुलांना जरूर सांगा.

चुका अशा ओळखा

चकतीची वाटी होऊ लागली तर वाढ कमी पडते आहे. काठाला झालर पडली तर वाढ जास्त होते आहे. दर फेरीला टाके कमी होत असतील तर बहुधा फेरीचा पहिला किंवा शेवटचा खांब सुटतो आहे. तिथे रंगीत दोऱ्याची खूण बांधा आणि प्रत्येक फेरी मोजा.

झालर पडली म्हणून पोरांना हसू मात्र नका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली मुद्दाम जास्त टाके वाढवत अशी झालरदार विण केली आणि सपाट कागदावर न मावणारी एक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली.

"पण सर, वेळ कुठून आणायचा?"

हा प्रश्न मलाही पडतो. शिष्यवृत्तीची तयारी, ऑनलाइन माहिती, उपक्रम, सगळं आहेच. पण १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाच तर विचार मांडला होता की हस्तोद्योग हा अभ्यासाला जोडलेला वेगळा तास नसावा, त्यातूनच गणित आणि भाषा शिकवावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सूचना आहे. माझ्या वर्गात त्रैराशिकाचे दोन तास टोपीतच झाले, वेगळे घ्यावे लागले नाहीत.

खरं सांगायचं तर सगळ्यांच्या टोप्या पुऱ्या झाल्या नाहीत. काहींनी अर्ध्यात सोडल्या. तरी त्यांनी मोजलं होतं, आणि तेवढं मी नोंदवलं.

दुसरा प्रश्न एका मुलाने विचारला, "सर, हे बायांचं काम आहे ना?" मी म्हटलं, "मी काय करतोय मग?" आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. नामदेव शिंप्याच्या घरातले. माप घेणं, बेतणं हे काम आपल्या मातीत पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. त्यात लाजायचं काय?

शिक्षकांना आणि पालकांना विनंती

शिक्षकांनो, वर्णनात्मक नोंदीत 'सुबक वस्तू तयार केली' एवढंच लिहू नका. 'डोक्याचा घेर मोजला', 'स्वतःचे टाके मोजून हिशोब केला', 'चूक ओळखून उसवलं व पुन्हा विणलं' असं लिहा. वाकडी पण बसणारी टोपी ही सुबक पण न बसणाऱ्या टोपीपेक्षा वरच्या श्रेणीची.

पालकहो, लेकरू रात्री लोकर घेऊन बसलं आणि टोपी बिघडली तर सुई त्याच्या हातातून घेऊ नका. "आण इकडं, मी करून देते" हे वाक्य तेवढं गिळा. शेजारी बसा, मोजायला मदत करा, उसवताना गुंता होऊ नये म्हणून गुंडा धरा. लोकर उसवली तर वाया जात नाही, पुन्हा विणता येते.

आणि घरात विणणारी आजी असेल तर तिला एक दिवस शाळेत नक्की पाठवा. फळ्यावर काय चुकलंय ते तिला आमच्या आधी दिसतं.