मांजराला दार हवं, पण घरातल्या घरात

फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्याने घरातल्या एका दाराला खालच्या बाजूला झडप बसवून घ्यावी, आणि घराबाहेर जाणारी मांजराची प्रत्येक वाट मात्र बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मांजरं पाळणाऱ्या माझ्या ओळखीच्यांपैकी काहींना यातला पहिला भाग पटतो, काहींना दुसरा. मला दोन्ही एकदम हवे आहेत.

आधी दाराचं सांगते. पुण्यातल्या आमच्यासारख्या टू बीएचकेत स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते. वॉशिंग मशीन तिथे, भांडी घासायचं सिंक तिथे, रद्दीचा गठ्ठा आणि केराची बादलीही तिथेच. घरात मांजर असेल तर त्याचा लिटर ट्रेही तिथेच जातो, कारण दुसरी जागाच नसते. आणि नेमकं हेच दार दिवसातला बराच वेळ बंद ठेवावं लागतं. तिन्हीसांजेला डास येतात, पावसाळ्यात झड आत येते, एरवी वास येऊ नये म्हणून कोणी ना कोणी येता-जाता ते लोटून घेतं. मांजर दारापाशी येतं, एकदा ओरडतं, आणि कोणाचं लक्ष नसेल तर परत फिरतं.

या परत फिरण्याकडे आपण फार हलकेपणाने बघतो. लघवी तुंबणं हा बोक्यांमधला जीवघेणा प्रकार आहे. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. त्यात बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकला आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकतं. पाणी कमी पिणं, ताण, वजन अशी त्याची अनेक कारणं आहेत. पण ट्रेपर्यंत मनात येईल तेव्हा जाता न येणं त्यात भर घालतं. मांजराने गादीवर किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात घाण केली की घरातली माणसं त्याला रागावतात. आधी त्याच्या वाटेतलं दार बघावं.

शिवाय मांजर हद्द राखणारं जनावर आहे. दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला गाल घासत ते फिरतं, ते गालातल्या ग्रंथींचा वास तिथे ठेवण्यासाठी. सकाळ-संध्याकाळ त्याची एक फेरी असते. सहाशे-सातशे चौरस फुटांत ज्याचं अख्खं जग मावायचं आहे, त्याच्या वाटेतला एक खण आपण वारंवार बंद करणं मला न्याय्य वाटत नाही.

म्हणून आम्ही सुतारकाकांना बोलावलं. ते दाराकडे बघून म्हणाले, "ताई, एवढं चांगलं दार आहे. भोक पाडायचं?" सासूबाईंचंही मत त्यांच्याच बाजूचं होतं. मी पुठ्ठ्याचा साचा कापून दाराला लावून दाखवला, आमच्या बोक्याला, गुंड्याला, उचलून त्याच्यासमोर उभा केला, तेव्हा काकांना काय हवंय ते कळलं आणि मग त्यांनी मन लावून काम केलं.

या कामात मापाला फार महत्त्व आहे. मांजर उभं असताना जमिनीपासून त्याच्या पोटापर्यंतची उंची मोजायची. झडपेची खालची कड साधारण त्या उंचीला यावी, म्हणजे दहा ते पंधरा सेंटिमीटर. भोकाची रुंदी पंधरा-सोळा सेंटिमीटर पुरते. बघणाऱ्याला ते फारच लहान वाटतं. पण मांजराची गळपट्टीची हाडं आपल्यासारखी सांगाड्याला जखडलेली नसतात, ती स्नायूंत सुटी असतात. त्यामुळे डोकं जिथून गेलं तिथून खांदेही जातात, आणि डोकं जाईल की नाही हे ते मिशांनी आधीच अजमावतं. अंगाने सुटलेल्या बोक्याची गोष्ट वेगळी, त्याचं पोट मोजूनच साचा कापावा.

काकांनी रेषेवर आधी चिकटपट्टी लावली, सनमायक्याचे टवके उडू नयेत म्हणून. चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली आणि एका भोकात जिगसॉचं पातं घालून चारही बाजू कापल्या. फ्लश डोअरचं आतलं लाकूड तिथे उघडं पडलं. ड्राय बाल्कनीत मशीनचं पाणी सांडतंच, आणि अशी उघडी कड पाणी पिऊन फुगते. त्यामुळे कडेला प्रायमर, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात, आणि दोन्ही बाजूंनी बीडिंगची पट्टी. झडप पारदर्शक ॲक्रिलिकची घ्यावी असं मी सुचवेन. पलीकडे काय आहे ते दिसलं तर मांजर लवकर धीर करतं. खालच्या कडेला लहानसं चुंबक असतं, त्यामुळे ती वाऱ्याने फडफडत नाही. नुसतं भोक ठेवून झडप न लावणं कामाचं नाही. डास आणि झुरळं त्यातून आधी येतील.

शिकवताना मांजराला ढकलून पलीकडे घालू नये. झडप आधी चिकटपट्टीने पूर्ण वर बांधून ठेवायची, मग हळूहळू खाली आणायची आणि आवडीचा खाऊ पलीकडच्या बाजूला ठेवायचा. आमच्या मांजरीने, ठमीने, उघड्या भोकातून पहिल्याच संध्याकाळी ये-जा सुरू केली. गुंड्या मात्र झडप खाली आल्यावर तिच्यासमोर बसून राहायचा. एकदा त्याने नाकाने ती किंचित ढकलली, ती परत येऊन नाकाला लागली, तो मागे सरला. मग मिशा पुढे घेऊन पुन्हा आला. डोकं आणि पुढचे पाय पलीकडे, मागचे पाय अलीकडे, पाठीवर झडप टेकलेली, अशा अवस्थेत तो थांबला. शेपूट जमिनीवर डावी-उजवीकडे फिरत होती. मी श्वास रोखून स्वयंपाकघरात उभी होते. मग मागचा एक पाय उचलून त्याने कड ओलांडली, दुसरा उचलला, आणि झडप खट्कन बंद झाली. पलीकडून लगेच ट्रेमधली वाळू उकरल्याचा आवाज आला.

एक सूचना इथेच करून ठेवते. मांजर आता केव्हाही ड्राय बाल्कनीत असू शकतं, आणि समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा पिंप त्याला बसायला फार आवडतो. मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघायची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी, कामाला येणाऱ्या ताईंनीही.

आता दुसरा भाग, घराबाहेरच्या वाटेचा. झडप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इंग्लंडमधलं घर येतं: मागचं दार, पलीकडे बाग, मांजर स्वतःच्या मर्जीने जातं-येतं. तिथे ही रीत जुनी आहे. एक्सेटरच्या कॅथेड्रलमधल्या हिशेबांत १३०५ ते १४६७ या काळात मांजराच्या खाण्यासाठी दर तिमाहीला तेरा पेनी दिल्याच्या नोंदी आहेत, आणि तिथल्या मोठ्या घड्याळाखालच्या दाराला १५९८ च्या सुमारास, बिशप विल्यम कॉटन यांच्या काळात, मांजरासाठी गोल भोक पाडलं गेलं. ते आजही बघायला मिळतं. घड्याळाच्या चरबी लावलेल्या दोरांमुळे उंदीर यायचे, त्यांचा बंदोबस्त हे त्या मांजराचं काम होतं. आता तिथे मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून फक्त त्यालाच आत घेणाऱ्या झडपा मिळतात, आणि १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजराला चिप लावणं कायद्याने सक्तीचं आहे. मांजर बाहेर हरवलं तर ते कोणाचं हे शोधायची व्यवस्था त्या समाजाने उभी केली आहे. आपल्याकडे ती व्यवस्था नाही, आणि रस्ते तर आपले आहेतच.

"मांजराला कोंडून ठेवणं पाप आहे," असं मला माझी रत्नागिरीकडची मामेबहीण सांगते. तिच्या म्हणण्यातली माया मला कळते. आजोळच्या कौलारू घरात मांजराला दाराची गरजच नव्हती. मोरीच्या भोकातून, माळ्यावरच्या फटीतून, उघड्या पडवीतून ते यायचं-जायचं. आम्ही मुलं त्याला नाव द्यायचो. पुढच्या सुट्टीत गेलो की ते नसायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आलं नाही परत." कुत्र्याने धरलं, साप चावला, की गाडीखाली गेलं, हे कोणी शोधायला गेलं नाही. आणखी एक पिल्लू कुठून तरी आलेलं असायचं. त्या मोकळेपणाबद्दल सगळे प्रेमाने बोलतात, त्यात किती मांजरं गेली ते कोणी मोजलं नाही.

शहरात तर धोके वाढले आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवतात. त्यातलं ब्रोमॅडिओलोनसारखं विष रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन फिरत राहतो, आणि असा उंदीर मांजराला सहज सापडतो. त्याच्या पोटातून विष मांजरात जातं. लक्षणं काही दिवसांनी दिसतात, तोवर मालकाला पत्ताही नसतो. के-१ जीवनसत्त्व हा त्यावरचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

आणि पिल्लांचं काय? मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. नसबंदी न केलेल्या मांजरीला बाहेरची वाट देणं म्हणजे काही महिन्यांत कोणाच्या तरी जिन्याखाली तीन-चार पिल्लं आणून ठेवणं. त्यांचं पुढे काय होतं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे: पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडे सोडून यायचं. पाळलेल्या जनावराला असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे, हे पोतं उचलणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतं. म्हणून माझा क्रम असा: आधी नसबंदी आणि लशी, मग झडप.

बहिणीच्या आक्षेपाला खरं उत्तर घर कसं मांडायचं यात आहे. आतच राहणाऱ्या मांजराला उंची लागते, खिडकी लागते, आणि पहाटे नि तिन्हीसांजेला, त्याच्या शिकारीच्या वेळी, कोणीतरी त्याच्याशी खेळावं लागतं. बाल्कनी बंदिस्त केली तर ऊन मिळतं, झाडांवरचे पक्षी दिसतात. मात्र कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजरासाठी पुरेशी समजू नये. दातांनी ती कुरतडली जाते, उन्हाने कमकुवत होते, आणि चौथ्या मजल्यावर एक तुटलेला चौकोनही पुरतो. तारेची वेल्डमेश लावावी. मुख्य दाराला झडप तर मुळीच नको. मांजर जिन्यात जाईल हे आहेच, शिवाय तिथून आत घातलेला हात खालच्या कडीपर्यंत पोहोचू शकतो.

गावात, रस्त्यापासून लांब, कुंपण असलेलं परसदार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मागच्या दाराला झडप लावली तर माझी हरकत नाही. नसबंदी झालेली असावी, रेबीजची लस टोचलेली असावी, आणि अंधार पडायच्या आत मांजराला घरात घेऊन झडपेची कडी लावावी. जुन्नरकडच्यांना बिबट्यासाठी हे वेगळं सांगायला नको.

भाड्याच्या घरातली माणसं विचारतात, दार मालकाचं, कापायचं कसं? कापू नका. ड्राय बाल्कनीचं दार पीव्हीसीचं असेल तर त्याच मापाचं दुसरं आणून त्याला झडप बसवा. मूळ दार बिजागऱ्यांवरून उतरवून, कापडात गुंडाळून पलंगामागे उभं करा. घर सोडताना ते परत लागतं. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी जमिनीपर्यंत असेल तर तिच्या रुळात बसेल अशी प्लायची अरुंद उभी फळी करून घेता येते, झडप त्या फळीत. घरमालकाला हे आधी कागदावर काढून दाखवावं. नुकसान नाही हे दिसलं की बरेच जण तयार होतात, असा माझ्या ओळखीतल्यांचा अनुभव आहे.

माझी मागणी मात्र घरं बांधणाऱ्यांकडे आहे. ड्राय बाल्कनीच्या दाराचा खालचा दीड फूट वेगळ्या फळीचा करावा, चार स्क्रूंवर बसणारा. ज्याला मांजर नाही त्याला फरक पडणार नाही. ज्याला आहे तो तेवढीच फळी काढून झडपेची लावेल, आणि घर विकताना जुनी परत बसवेल. याला जागा जास्त लागत नाही, खर्चही फारसा नाही. सँपल फ्लॅट बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि क्लबहाऊसबद्दल विचारून झालं की ड्राय बाल्कनीच्या दारापाशी थांबा आणि तिथल्या माणसाकडे हेही मागा. दहा जणांनी मागितलं तर ते नकाशावर येईल.