दाताच्या कण्या



मागच्या लेखात मुलांच्या स्क्रीनटाइमवर बरंच ज्ञान पाजळलं होतं. या वेळी स्वतःच्याच तोंडात डोकावायची पाळी आली आहे.

उत्तरायणाची दुपार. गच्चीवर अख्खी सोसायटी जमलेली, हातात फिरकी आणि तोंडात चिक्की. कटकन आवाज झाला. शेंगदाण्याचं टरफल आलं असेल म्हणून थुंकलो, तर हातावर माझ्याच दाढेचा तुकडा! दोन दिवस मी त्या चिक्कीवाल्याला दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी आरसा घालून तोंड तपासलं आणि चिक्कीबद्दल एक अक्षरही न विचारता म्हणाले, "तुम्ही झोपेत दात खाता का?"

मी म्हणालो, "छे!" आणि शेजारी बसलेली बायको त्याच क्षणी म्हणाली, "हो."

डिसेंबरपासून ती लेकीजवळ दुसऱ्या खोलीत झोपत होती. लेकीला सर्दी आहे म्हणून, असं मी समजत होतो. परतताना गाडीत ती म्हणाली, "अहो, रात्री जात्यात वाळू भरडल्यासारखा आवाज येतो. किती वेळा सांगितलं, तुम्ही हसण्यावारी नेलंत. तसेच दमून येता, म्हणून मग मीच उठून जायला लागले." पुन्हा पुन्हा विनवून सांगणं याला आपल्याकडे 'दाताच्या कण्या करणं' म्हणतात. तिने सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या, आणि मी इकडे खरोखरच्या!

हे नेमकं असतं काय?

वैद्यकीय भाषेत याला 'ब्रुक्सिझम' म्हणतात. दात एकमेकांवर घासणं किंवा आवाज न करता घट्ट आवळून धरणं, दोन्ही यात आलं. त्याचे दोन प्रकार आहेत. एक झोपेतला, दुसरा जागेपणीचा. झोपेतला बहुधा झोप हलकी असताना होतो. मेंदू काही सेकंदांसाठी किंचित जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू काम सुरू करतात. आपल्याला यातलं काहीच कळत नाही. सगळा 'लॉग' शेजारी झोपलेल्याकडे!

नुकसान का होतं, हे आपल्या सुरतेत राहणाऱ्याला पटकन समजेल. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत घंटीवर हिरा घासतात तो हिऱ्याच्याच भुकटीने, कारण त्याच्या तोडीचं कठीण दुसरं काही नाही. आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ म्हणजे दातावरचं एनॅमल. त्याला झिजवायला समोरच्या रांगेतलं एनॅमलच पुरेसं असतं. फरक इतकाच की घासून हिऱ्याची किंमत वाढते, दाताची जाते. आणि हे कवच एकदा गेलं की शरीर ते पुन्हा तयार करत नाही.

जेवताना आणि गिळताना मिळून दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम २० मिनिटांच्या आसपास, असा एक जुना अंदाज आहे. उरलेला सगळा वेळ त्यांच्यात फट असायला हवी. हे ऐकून मी थक्क झालो. तोंड मिटलं की दात टेकलेलेच असतात, अशीच माझी समजूत होती. तुम्हीही हे वाचताना दात आवळून बसला नाहीत ना?

राग नव्हे, आजारही नव्हे

डॉक्टरांचा प्रश्न ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते आमचे आप्पा. उधन्याला एका खोलीत आम्ही सहाजण झोपायचो. आप्पा लूम्सच्या कारखान्यातून बारा तासांची पाळी करून यायचे, आडवे झाले की लगेच झोपायचे, आणि मध्यरात्री त्यांच्या दातांची करकर सुरू व्हायची. आम्ही भावंडं गोधडीत तोंड खुपसून हसायचो. "आप्पा स्वप्नात शेठवर दातओठ खाताहेत," असं म्हणायचो. आज त्यांच्या दाढा पाटीसारख्या सपाट आहेत आणि आवडती कळण्याची भाकरी त्यांना दुधात कुस्करून खावी लागते. तेव्हा कोणालाच वाटलं नाही की याबद्दल कुठे दाखवायला हवं.

भाषेने दात खाणं रागाशी जोडलं, म्हणून आपणही तसंच समजतो. २०१८ मध्ये या विषयावरच्या जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे मांडलं की, एरवी निरोगी माणसात हा आजार न मानता स्नायूंचं एक वर्तन मानावं. त्यातून त्रास होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं. कारणही एकच नसतं. ताण आणि काळजी आहेच. २०२१च्या सुरुवातीला अमेरिकन डेंटल असोसिएशनने दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त जणांनी कोरोनाच्या काळात असे रुग्ण वाढल्याचं सांगितलं. त्याशिवाय जास्त चहा-कॉफी, सिगारेट, नैराश्यावरची काही औषधं, झोपेत श्वास अडकणं, हीही कारणं असू शकतात. दारूही यादीत आहे, पण गुजरातेत राहून त्याबद्दल आपण काय बोलणार! घराण्यात चालत येण्याचा कलही दिसतो. आप्पा आणि मी, दोघं समोर आहोतच.

मुलांचं काय?

लहान मूल दात खातं म्हणजे पोटात जंत, हे आपल्या प्रत्येक आजीचं निदान. माझ्या आईचंही. पण या दोहोंचा ठाम संबंध सिद्ध झालेला नाही. जंतांचं औषध जरूर द्या. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ते मिळतं. पण ते जंतांसाठी, दातांसाठी नव्हे. मुलांमध्ये दात खाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं आणि बहुतेकांचं वयाबरोबर आपोआप थांबतं. मात्र मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, दात दुखतो म्हणत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि त्याला रागावू नका, चिडवू तर अजिबात नका. झोपेतल्या गोष्टीवर त्याचा काय ताबा?

मी काय केलं

डॉक्टरांनी दाढेवर कॅप बसवली आणि दातांचं माप घेऊन रात्री घालायचा नाइटगार्ड करून दिला. देताना स्पष्ट सांगितलं, "याने दात वाचतील, दात खाणं थांबेल असं नाही." माझ्या भाषेत सांगायचं तर हा पॅच आहे, मूळ कोड तसाच. तयार गार्ड ऑनलाइन मिळतात, पण नीट न बसणारा गार्ड त्रास वाढवू शकतो, म्हणून मापाचाच घ्या. घोरत असाल तर ते आधी सांगा, त्यावरून उपचार बदलू शकतो. कुठल्या औषधामुळे होतंय असं वाटलं तर डॉक्टरांशी बोला, मनाने औषध बंद करू नका.

मूळ कोडसाठी मी आठवडाभर दिवसाची नोंद ठेवली. दर तासाला मोबाइलवर गजर लावला. वाजला की बघायचं, आत्ता दात टेकलेत का? निकाल लाजिरवाणा होता. कोड लिहिताना टेकलेले. उधना दरवाजाच्या ट्रॅफिकमध्ये टेकलेले. रात्री साडेनऊला अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल सुरू झाला की कानशिलापर्यंत ताणलेले. रात्रीचं तर झालंच, मी दिवसाही दोन पाळ्या करत होतो.

डॉक्टरांनी यावर शिकवलेली युक्ती अगदी सोपी आहे. 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, दात आपोआप सुटतात. मग ओठ अलगद मिटा, खांदे सोडा, संथ श्वास घ्या. मॉनिटरच्या कोपऱ्यावर मी नुसता 'न' लिहून चिकटवला आहे.

बायकोने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "त्याच्यापुढे 'ाही' पण लिहा." तिचं बरोबर होतं. साडेनऊच्या कॉलला मी कधी नाही म्हटलंच नव्हतं, विचारलंसुद्धा नव्हतं. घाबरत घाबरत मॅनेजरला विचारलं. पाचपैकी तीन कॉल संध्याकाळी सातला आले. दोन अजून रात्रीच आहेत, नोकरी आहे शेवटी. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला. झोपण्याआधी कानशिलं आणि गालाचे स्नायू कोमट कापडाने पाच मिनिटं शेकतो.

चार महिने झाले. गार्डवर ओरखडे दिसतात, म्हणजे दात खाणं संपलेलं नाही. पण सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकायची ते जवळजवळ थांबलं. आणि लेकीची सर्दी, जी जानेवारीतच बरी झाली होती, ती मेमध्ये अधिकृतपणे बरी झाल्याचं जाहीर झालं. बायको आपल्या खोलीत परत आली.

आप्पांनाही दंतवैद्यांकडे नेऊन आणलं. "आता या वयात कशाला?" म्हणत होते. गाडीत मी त्यांना विचारलं, "रात्री तुमचं डोकं दुखायचं का हो तेव्हा?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सकाळी दुखायचं. लूम्सच्या आवाजाने असेल, असं वाटायचं."

तर मंडळी, सकाळी जबडा किंवा कानशिलं जड वाटत असतील, कान तपासून काही निघत नाही तरी कानाजवळ दुखत असेल, गार पाण्याने दात झिणझिणत असतील किंवा दातांच्या कडा सपाट झाल्या असतील, तर दंतवैद्यांना दाखवून घ्या. त्याआधी एक फुकटची तपासणी आहे. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, "मी रात्री दात खातो का गं?" आणि उत्तर आलं की हसण्यावारी नेऊ नका.

भेटू पुढच्या महिन्यात. तोवर ओठ मिटलेले, दात सुटलेले!