लोक आरोग्य कशामुळे जपतात?

‘लोक अडाणी आहेत, म्हणून आरोग्य जपत नाहीत,’ असे आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. तंबाखू वाईट, हे तंबाखू खाणाऱ्यालाही ठाऊक असते. पुडीवर तसे छापलेलेच असते! मग माणूस चांगली सवय कशामुळे उचलतो?

पोलिओचे उदाहरण पाहा. १९९५ साली भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. डोस रविवारी देत. त्यामुळे कामावर जाणाऱ्या आईबापांची मजुरी बुडत नसे. रेल्वे स्थानकांवरही डोस मिळे. जे मूल राहून जाई, त्याच्या घरी कार्यकर्ते जात. डोस घेतलेल्या मुलाच्या करंगळीला शाई लावत. मुले ती मिरवीत. तरीही उत्तर प्रदेशात अफवा पसरली, की या थेंबांमुळे मुलांना पुढे मूलबाळ होणार नाही. अनेक घरांची दारे बंद झाली. केवळ भित्तिपत्रकांनी ती उघडली नाहीत. मशिदींचे इमाम पुढे आले; अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया येथील मंडळीही आली. ओळखीच्या माणसांनी समजावले, तेव्हा लोकांनी ऐकले. भारतातील नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला.

अशीच अफवा नायजेरियातील कानो राज्यातही पसरली होती. तेथे २००३ साली पोलिओचे लसीकरण थांबले आणि तो रोग इतर देशांत पुन्हा शिरला. पुढच्या वर्षी इंडोनेशियात तयार झालेली लस आणली. ती कानोने स्वीकारली. औषध तेच होते. विश्वास मात्र नवा होता.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे पाहू. जेसल पार्कजवळ खाडीच्या काठी सकाळी लोक फिरायला येतात. मोकळी जागा आहे, म्हणून येतात. पण पहाटेची लोकल गाठणाऱ्या आणि रात्री घरी परतणाऱ्या माणसाला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगून काय उपयोग? त्याने चालायचे केव्हा?

भाषेचाही प्रश्न आहेच. महापालिकेचा कारभार मराठीत चालतो. नया नगरातल्या एखाद्या आजीला मराठी पत्रक वाचता येत नाही; तिचा नातू मात्र ते वाचू शकतो. अशा वस्तीत पत्रके उर्दूतही हवीत, असे माझे मत आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. नातवाने पत्रक वाचून दाखवले, की आजी विचारणार, ‘सुई टोचल्यावर बाळाला ताप आला तर?’ याचे उत्तर द्यायला कोणीतरी त्या घरी पाच मिनिटे बसावे लागते.