आपलं गोत्र कोणतं?

पाटी वाचून राग यावा इतका मी पुण्यात नवखा नाही. ‘येथे पत्ते सांगितले जात नाहीत’, ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’, ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये, वाजवल्यास दार उघडले जाणार नाही’ अशा पाट्यांच्या छत्रछायेत माझं आयुष्य गेलं. या पाट्यांचा मोठा गुण म्हणजे त्या खऱ्या असतात. हवा सोडू म्हणजे सोडू. मी स्वतः तीनदा सायकल ढकलत घरी आलेलो आहे आणि तिन्ही वेळा पाटी लिहिणाऱ्याच्या वचनाला जागण्याबद्दल मला मनातून आदरच वाटला. पण २०२४ च्या जूनमध्ये माझ्या संगणकाच्या पडद्यावर जी पाटी लागली ती उर्मट तर होतीच, शिवाय चक्क खोटी होती. उर्मटपणा आम्ही चालवून घेतो. खोटेपणा नाही.

पाटी अशी होती : ‘आपला ब्राउझर या संकेतस्थळासाठी योग्य नाही. कृपया क्रोमची अद्ययावत आवृत्ती वापरावी.’

त्याचं झालं असं, की आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली. तिला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख त्याच दिवशी, रात्री बारापर्यंत. मावशींच्या मोबाइलवर अर्ज उघडत होता, पण दाखले जोडायचं बटण पडद्याच्या बाहेर, बहुधा शेजारच्यांच्या घरात, उमटत होतं. चौकातला झेरॉक्सवाला नऊला दुकान बंद करून गेला. तेव्हा मायलेकी दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “एवढंच ना? बस, पाच मिनिटांत भरू.”

माझा संगणक २०१२ सालचा. त्यात विंडोज सेव्हन. या विंडोजवर क्रोमनं २०२३ च्या सुरुवातीला, १०९ व्या आवृत्तीनंतर, बहिष्कार टाकलेला. म्हणजे माझा क्रोम अद्ययावत होणं विधिलिखितातच नव्हतं. फायरफॉक्सवाले मात्र जुन्या यंत्रांसाठी ११५ व्या आवृत्तीची डागडुजी करत बसले होते, म्हणून मी तो वापरत होतो. आता त्या संकेतस्थळाला क्रोम जुना म्हणून चालेना आणि फायरफॉक्स हा फायरफॉक्स म्हणून चालेना. पाच मिनिटांचा दीड तास झाला. मुलगी हळूच म्हणाली, “काका, नाही होत तर राहू दे.” हे वाक्य तिनं इतक्या सरावानं उच्चारलं, की मला माझीच लाज वाटली.

ब्राउझरला मराठीत कुणीतरी ‘न्याहाळक’ असा शब्द काढला आहे. शब्द वाईट नाही. पण न्याहाळणं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं गॅलरीत उभं राहून समोरच्या बिऱ्हाडात कोण आलं-गेलं ते पाहणारे गृहस्थ येतात. आणि खरं सांगायचं तर हल्लीचे बरेचसे ब्राउझर तेच करतात. आपण त्यांच्यातून जग न्याहाळतो आणि ते आपल्याला.

अशा या आणीबाणीच्या वेळी हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा आमरस खायला म्हणून अवतीर्ण झाला. परिस्थिती ऐकून घ्यायच्या आधी त्यानं माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मामा, तू अजून हे वापरतोस? किती स्लो आहे!”

माझं भांडण इथूनच सुरू होतं. ब्राउझरची गोष्ट निघाली की ही मंडळी पहिला प्रश्न वेगाचा काढतात. कोण किती मिलिसेकंदांनी पुढे! अरे, ज्या शहरात डेक्कनहून स्वारगेटला पोचायला पाऊण तास लागतो, त्या शहरातल्या माणसानं मिलिसेकंदाचा हिशेब ठेवावा? बरं, हा वेग मोजतात तरी कसा? ‘स्पीडोमीटर’ नावाची एक परीक्षा आहे. तिची तिसरी आवृत्ती २०२४ च्या मार्चमध्ये निघाली. ती कुणी काढली? ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्यांनीच एकत्र बसून पेपर काढला! एकमेकांवर डोळा ठेवून काढल्यामुळे त्यात फारशी लबाडी नसेल, हे मी मान्य करतो. पण मग निकालात सगळे डिस्टिंक्शनमध्ये आले, तर त्याचे पेढे आम्ही का वाटायचे?

पान उघडायला वेळ लागतो तो इंजिनामुळे कमी आणि पानाबरोबर येणाऱ्या सामानामुळे जास्त. बातमी असते दहा ओळींची. तिच्यासोबत लग्नाच्या वऱ्हाडासारख्या जाहिराती येतात, आणि जाहिरातींच्या मागून, आपण कुठं गेलो नि काय विकत घेतलं याची टिपणं घेणारे गुप्तहेर. हे वऱ्हाड दारातच अडवलं की माझ्या जुन्या खटाऱ्यावरसुद्धा पान फटकन उघडतं. हे अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ नावाचं जोडकाम फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीनं चालतं, आणि क्रोमनं २०२४-२५ मध्ये नियम बदलून त्याला घराबाहेर काढलं. ज्याचा धंदा जाहिरातींचा, त्याच्या दारात दुसरं काय होणार? ‘ब्रेव्ह’ नावाच्या ब्राउझरनं ही अडवणूक मुळातच अंगी बाणवली आहे, हे त्याच्या पदरात घालून पुढे जातो.

एक गोष्ट मात्र क्रोमची खरोखर वाखाणण्याजोगी, आणि ती पुणेकराला लगेच कळेल. क्रोम २००८ च्या सप्टेंबरमध्ये आला तोपर्यंतचे बहुतेक ब्राउझर म्हणजे वाडे होते. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ. एका भाडेकरूच्या मोरीत तुंबलं की सबंध वाड्यात पाणी. एक पान अडकलं की उघडलेली सगळी पानं बुडाली. क्रोमनं प्रत्येक पानाला स्वतंत्र, सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक दिला. एकाचं छत कोसळलं तरी बाकीचे सुखरूप. फायरफॉक्सचा वाडा पडून तिथं ब्लॉक व्हायला २०१६-१७ साल उजाडलं. अर्थात ब्लॉकला जागा जास्त लागते. म्हणूनच वीस पानं उघडली की संगणकाची मेमरी संपते आणि यंत्राचा पंखा दमेकऱ्यासारखा वाजू लागतो.

हे सगळं मी भाच्याला ऐकवल्यावर तो म्हणाला, “मग एज घे, ऑपेरा घे, विवाल्डी घे. चॉईस भरपूर आहे.”

चॉईस! माझ्या कॉलेजच्या दिवसांत सदाशिव पेठेत तीन खानावळी होत्या. एकीची आमटी पातळ म्हणून आम्ही दुसरीत जायचो, दुसरीची तिखट म्हणून तिसरीत. पुढं कळलं की तिन्हींची आमटी एकाच घरातून यायची. फक्त वाटी वेगळी. ब्राउझरांचं हेच आहे. कोकणस्थांच्या कुलवृत्तांतासारखी त्यांची वंशावळ पाहिली की डोळे उघडतात. मूळ पुरुष केएचटीएमएल, जन्म १९९८, लिनक्सच्या केडीई घराण्यातला. ॲपलनं तो दत्तक घेतला, त्याचं नाव वेबकिट ठेवलं आणि २००३ मध्ये सफारी जन्माला घातला. गूगलनं वेबकिटावर क्रोम उभा केला आणि २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली. तिचं नाव ब्लिंक. त्याच वर्षी नॉर्वेच्या ऑपेरानं आपली स्वतःची चूल विझवली आणि याच पंगतीला पान मांडलं. २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनंही आपला एज याच चुलीवर चढवला. विवाल्डी तिथलाच, ब्रेव्ह तिथलाच. आयफोनवर तर आपल्याकडे कोणताही ब्राउझर घ्या, आतून वेबकिटच. २०२४ मध्ये सवलत मिळाली ती फक्त युरोपातल्या देशांना. क्रोमियमच्या या गोतावळ्याबाहेर आणि ॲपलच्या घराबाहेर स्वतःची चूल सांभाळून असलेला मोठा गृहस्थ एकच, तो फायरफॉक्स. आणि त्याचंही घर चालतं ते बरंचसं गूगलनं शोधयंत्राबद्दल दिलेल्या पैशावर. म्हणजे भाऊबंदकीतला खटला लढायचा आणि वकिलाची फी प्रतिवादीकडून घ्यायची!

“एकच चूल असली तर बिघडलं काय?” असं तुम्ही म्हणाल. भाचा हेच म्हणाला. सगळीकडे एकच इंजिन म्हणजे सगळं सगळीकडे सारखं दिसणार, कटकट मिटली. ऐकायला गोड आहे. पण हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि दोनेक वर्षांत जवळजवळ सगळं जग त्यातूनच पाहू लागलं. मग काय झालं? स्पर्धक उरला नाही, तेव्हा गडी पाच वर्षं स्वस्थ झोपला. सातवी आवृत्ती २००६ मध्ये, तीही फायरफॉक्सनं २००४ पासून कानाशी ताशा वाजवायला सुरुवात केल्यावर.

त्या झोपेच्या काळात आपल्या मराठीचे जे हाल झाले ते मी विसरलेलो नाही. कित्येक मराठी वर्तमानपत्रं तेव्हा आपापला खासगी टंक वापरत. तो एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरे. दुसऱ्या ब्राउझरात तीच बातमी उघडली की डोक्यावर टोप्या नि पायात पैंजण घातलेली फिरंगी अक्षरं नाचत. अमेरिकेतल्या माझ्या मित्रानं एकदा फोन करून विचारलं होतं, “अरे, पुण्यात काही झालंय का? पेपरात सगळं डच भाषेत आलंय.” युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण एकाचं चाललंय ना, मग दुसऱ्याची पर्वा कशाला, या न्यायानं ती वर्षानुवर्षं कपाटात राहिली. मराठी वाचायची तर अमुक कंपनीचाच चष्मा लावा! शेवटी २०२२ च्या जूनमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररला निवृत्त केलं. त्याच्यासाठी बांधलेली संकेतस्थळं मग अनाथ झाली, आणि त्यांच्या मालकांनी त्यातून धडा काय घेतला? पाटीवरचं नाव पुसून तिथं ‘क्रोम’ लिहिलं.

स्वदेशीचा उपायही करून झाला. भारत सरकारनं २०२३ मध्ये देशी ब्राउझरची स्पर्धा लावली आणि २०२५ च्या मार्चमध्ये झोहोच्या ‘उला’ला एक कोटीचं पहिलं बक्षीस दिलं. नाव तमिळ, कंपनी आपली, अभिमान आहेच. इंजिन? क्रोमियम. मूळ मालकानं ते सर्वांना मोकळं ठेवलंय, त्यामुळे चोरी नाही, पण वाटी मात्र चौथी झाली.

असो. रात्रीचे अकरा वाजले होते. वाद मी जिंकलो असेन, अर्ज जागच्या जागी होता. भाच्याचा लॅपटॉप कंपनीत राहिला होता. त्यानं आमरसाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाला, “थांब, त्याला गोत्र बदलून पाठवू.”

मला कळेना. त्यानं सांगितलं, की ब्राउझर कुठल्याही संकेतस्थळाच्या दारात गेला की आधी आपलं नाव सांगतो. नव्वदीच्या दशकात नेटस्केप आपलं नाव ‘मोझिला’ असं सांगे आणि नवी सजवलेली पानं त्यालाच मिळत. म्हणून एक्सप्लोररही खोटंच ‘मी मोझिला’ म्हणू लागला. तेव्हापासून प्रत्येकजण आधीच्यांची नावं आपल्यापुढे जोडत आला. आजचा क्रोम दारात उभा राहून संध्येतल्यासारखं म्हणतो, ‘मोझिला, ॲपल वेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी.’ इतक्या पिढ्यांचा उच्चार आमच्या घरी श्राद्धालासुद्धा होत नाही. विवाल्डीला तर त्याच्या खऱ्या नावामुळे लोक दारात उभं करेनात, म्हणून २०१९ च्या डिसेंबरात त्यानं नाव टाकूनच दिलं आणि तोही स्वतःला क्रोम म्हणवू लागला.

भाच्यानं फायरफॉक्सच्या पोटात कुठंतरी एक ओळ लिहिली. तो फायरफॉक्सच होता. हात-पाय, नाक-डोळे सगळं तेच. फक्त दारात गेल्यावर म्हणाला, ‘मी क्रोम. अद्ययावत.’ आणि दार उघडलं! सगळा अर्ज उघडला, बटणं जागच्या जागी, चारही दाखले एका दमात चढले. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. म्हणजे माझ्या ब्राउझरला काम येत नव्हतं असं नाही. त्याला काम येतं का हे कुणी विचारलंच नव्हतं. दारावरच्यानं नाव ऐकलं आणि हात आडवा घातला. तीस ओळींची तपासणी लिहायचा कंटाळा आलेल्या कुणा माणसानं एका ओळीत पाटी लावली आणि घरी जाऊन आमटी-भात खाल्ला. ज्या घरी संगणक नाही, हिंजवडीतला भाचा नाही, त्या घरच्या मुलीनं काय करावं? ‘राहू दे’ म्हणावं. पाटी लावणाऱ्याला ती कधी दिसतही नाही.

अकरा चाळीसला पोचपावती आली. मुलीनं ती तीनदा वाचली. मावशींनी विचारलं, “झालं ना नक्की?” आणि मग रात्री बारा वाजता आमच्या हिनं सगळ्यांना चहा केला, तो मावशींनी प्रथमच आमच्या बैठकीत खुर्चीवर बसून घेतला. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दिवाळीच्या आसपास आला.

पण मी पुणेकर. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या कचेरीला सविस्तर तक्रार धाडली. मुद्दे सात. आपली पाटी असत्य आहे, याचा मी प्रत्यक्ष प्रयोग केला आहे, तरी ती उतरवावी, किंवा निदान ‘आमच्या सोयीसाठी’ असे दोन प्रामाणिक शब्द तीत घालावेत. तीन आठवड्यांनी मोबाइलवर संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे उत्तर पाहण्यासाठी पुढील दुव्यावर जावे.’ मी संगणकावर बसलो. भाच्यानं जाताना गोत्र पूर्ववत केलं होतं. दुवा उघडला. ‘आपला ब्राउझर या संकेतस्थळासाठी योग्य नाही.’

भाच्याला फोन लावून ती ओळ पुन्हा लिहून घेतली, क्रोम झालो आणि आत गेलो. आत उत्तर होतं : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’